परराज्याचा दर

मला पानामागे चाळीस पैसे मिळतात.
कोरं पान धरत नाहीत.
ठाण्यातली जुनी रेकॉर्ड खोली, लाकडी शिडी, कसर,
डांबरगोळ्यांचा वास, आणि माझं स्कॅनर,
रुसलं की मी त्याला ‘अहो’ म्हणते.

आज शिकार परवान्यांची वही आली.
येऊर गट, सन छप्पन्न ते एकाहत्तर.
शिवण उसवलेली. पुठ्ठ्यावर शाईतलं मांजराचं पाऊल
(म्हणजे तेव्हाही इथे मांजर होतं).

रकाने असे: नाव. गाव. बंदूक. जनावर.
फी, जिल्ह्यातल्याला. फी, परराज्यातल्याला.
आणि अगदी कडेला, दाबून बसवल्यासारखी,
हाकाऱ्यांची मजुरी.

इंदूरचे श्री. त्र्यंबक उदावंत दर डिसेंबरात येतात.
बिबळ्या एक, साठ रुपये.
पुढच्या वर्षी नव्वद. मग दीडशे.
मग तीनशे, आणि सोबत अर्ज,
बोरूच्या वळणदार अक्षरात:
‘ही दरवाढ अन्यायाची आहे. आम्ही परके कसे?
आमच्या मातोश्री पनवेलच्या.
नकाशावर रेघ तुम्ही ओढता,
दंड आम्ही भरावा?
अशाने रान फक्त शेटजींना परवडेल.’

खरं सांगू, मला पटलं त्यांचं.
माझा भाऊ सुरतेला असतो, खोलीचं भाडं त्यालाही
बाहेरचा म्हणून चढं लावतात.
पुढच्या अर्जाची वाट बघत पानं उलटत गेले,
रात्रीची मालिका बघावी तशी.

हाकाऱ्यांच्या रकान्यात बारा आणे.
मग बारा आणे.
अठ्ठावन्नला पंचाहत्तर पैसे.
मला वाटलं, चला, वाढली.
मग बोटांवर हिशेब केला.

चौसष्टचा अर्ज तीन पानी.
‘जनावर गोळी लागून करवंदीच्या जाळीत शिरले, हाती आले नाही.
सबब फी परत मिळावी, निदान अर्धी.
नवसू वरठा नावाचा हाकारा आत पाठवला होता,
त्याचाही उपयोग झाला नाही.’
खाली लाल शेरा: परत देता येत नाही.
एवढंच.
नवसू जाळीतून बाहेर आला का,
ह्याला रकाना नव्हता.

पासष्टला फी चारशे. उदावंत पुन्हा रागावलेले.
हाकारे बारा. अकरा नावं तीच.
बाराव्या ओळीत: ‘नवसूचा मुलगा. वय अदमासे दहा.’
मजुरी निम्मी.

मी उठून पाणी प्यायले.
खाली तलावात प्लॅस्टिकचे हंस पायडल मारत फिरतात,
फेरीचे ऐंशी रुपये,
मुलांना निम्मे.

परत आले तर मशीन अडून बसलेलं.
‘कोरे पान आढळले. काढून टाकायचे?’
पान उचलून उजेडात धरलं.
कोरं कुठलं. पानामागे अंगठे होते,
फिकट निळे, ओळीने अकरा,
आणि एक जरा बाजूला, लहान,
पहिला फिस्कटला म्हणून दोनदा उठवलेला.

‘नाही’ दाबलं.
पुढच्या पानाला पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा ‘नाही’.
संध्याकाळपर्यंत आमचं हेच भांडण.

खांडेपारकर सर म्हणाले, संख्या जुळत नाही,
ही मागची पानं तुझ्या हिशेबातून वजा.
मी म्हटलं, चालेल.

कळव्याच्या पुलावर आल्यावर वाटलं,
‘चालेल’ म्हणायला नको होतं.
तीनशे चार पानं.
एकशे एकवीस रुपये साठ पैसे.

उद्या अर्ज लिहीन.
वळणदार जमणार नाही.